चौथा अल्बम पहिला

इंदूरच्या रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी देवांना स्नान घालत होतो. "दादा, श्रीरंग गेला," एवढेच धाकटा भाऊ बोलला. त्या क्षणी सूतक लागले. ओले देव पुसून जागेवर ठेवायलाही शेजाऱ्यांना बोलवावे लागले...

श्रीरंग माझा पुतण्या. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला, राहायला धारला आमच्याकडे. त्याच्या जन्माआधीपासून गात आलेल्या एका विलायती पंक रॉक बँडचे त्याला वेड होते. त्यांचे अल्बम गुणानुक्रमे लावावेत आणि देवासच्या दीपकशी त्यावरून फोनवर भांडावे, यात त्याचा जीव रमे. "अरे भिया, चौथा सबसे ऊपर! बहिरा आहेस का तू?" पुढे दीपक परदेशी गेला, फोन विरळ होत थांबले, आणि त्याच सुमारास श्रीरंगाची मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिसहून आल्यावर कॅसेटी उशाशी घेऊन तो नुसता पडून राही. "एकट्याने क्रम लावून काय करू, काका? नाही म्हणणारं कुणीतरी हवं."

प्रतिपक्षावाचून सिद्धान्त उभा राहत नाही, असे पाठशाळेत आम्हांला शिकवले होते. तेव्हा प्रतिपक्षी मीच झालो. शब्द कळत नव्हते, ढोलांनी छाती हादरे. तरी सायंसंध्या आटोपून मी त्याच्याजवळ बसे. सगळे अल्बम ऐकून मी पहिल्याचा पक्ष घेतला.

"ज्येष्ठाला अग्रमान," मी म्हणालो.

"काका, पंगत वाढताय का?" कितीतरी दिवसांनी तो हसला. "पहिल्यात नुसता राग आहे. चौथ्यात थकलेत बिचारे, तरी थांबत नाहीत."

"थकल्यावर माणसाने निजावे."

"मुद्दा संपला की उपदेश! हरलात तुम्ही."

मी हार मानली नाही. वाद चालू आहे तोवर तो उठून बसेल, अशी माझी वेडी आशा होती. तो उठून बसेनासा झाला, तरी मी पहिल्याचाच पक्ष मांडत राहिलो...

गेल्या आठवड्यात त्याच्या खोलीत चौथा अल्बम एकट्याने ऐकला. शेवटच्या गाण्यात गायकाचा आवाज फाटतो, आणि तसाच तो पुढे गात राहतो. श्रीरंगाचेच खरे होते. पण वादातली हार समोरच्याच्या तोंडावर मान्य करायची असते. आत्मा अविनाशी आहे, तो ऐकत असेल, असे समाचाराला येणारे म्हणतात. जन्मभर घरोघरी मीही हेच सांगत आलो; त्या खोलीत मात्र मला ते म्हणवले नाही.

कॅसेट संपून टेपची कळ खटकन वर आली. या आवाजासरशी तो मान वळवून विचारी, "बोला काका, आता काय म्हणणं आहे?"

कुणी विचारले नाही.