सगळ्यात हळू चालणारा पुढे

जगात आजवर जेवढी माणसं डोंगरावर गेली ती सगळी चुकीच्या पद्धतीने गेली, असं ठाम मत असलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्सं स्वतः आजवर एकाही डोंगराच्या माथ्यावर गेलेल्या नाहीत. तुंगारेश्वरच्या रानात त्यांनी आम्हाला कितीतरी वेळा नेलं असेल, पण खरा चढ सुरू झाला की त्या ओढ्याकाठचा एखादा सपाट दगड बघून बसतात आणि डबे उघडायला लावतात. आमच्या जावयाने एकदा, नवीन होता म्हणून, वरपर्यंत जाऊया का असं विचारलं. वन्संनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाल्या, "वर काय असतं? वारा. तो खालीही येतो."

वन्सं आचोळ्याला एकट्या राहतात आणि आम्ही मनवेलपाड्याला. लग्न त्यांनी केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली आणि ती नोकरी त्यांच्या गळ्यातून अजून निवृत्त झालेली नाही. रानात आम्ही एका रांगेत चालायचं आणि त्यांनी मधूनच "शेवटचा?" असा पुकारा करायचा. शेवटच्याने "आहे" म्हणायचं. उत्तराला उशीर झाला तर लाइन तुटली असं धरून अख्खी रांग जागच्या जागी उभी राहते. एकदा शेवटी जावई होता आणि फोनवर त्याच्या साहेबांशी बोलत होता. पुकारा आल्यावर त्याने साहेबांना मध्येच तोडून मोठ्याने "आहे" म्हटलं. पुढच्या सोमवारी कळलं की साहेबांनी त्याला रविवारी कामावर यायला वेळ आहे का असं विचारलं होतं.

झाडांच्या बाबतीत तर त्यांचं अज्ञान अगदी निखळ आहे. त्यांना एकाही झाडाचं नाव येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. त्या झाडांना नातेवाइकांची नावं देतात. ओढ्याजवळचं एक अवाढव्य झाड म्हणजे आमचे एक चुलतसासरे, कारण पसारा मोठा आणि फळ काही नाही. वाटेत पदराला धरणारी एक काटेरी वेल आहे, तिला दिलेलं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ती बाई अजून आमच्याकडे गणपतीला येते. माझे वडील गेले त्या वर्षी मी वन्संबरोबर रानात जायला नको म्हणत होते. तरी त्यांनी नेलंच. चालता चालता एका सरळ, गुळगुळीत खोडाच्या झाडाशी त्या थांबल्या, "हे तुझे बाबा," एवढंच म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मी त्या खोडावर जरा वेळ हात ठेवला आणि मग रांगेत गेले.

त्यांच्या पिशवीत वेफर्सची पाकिटं चालत नाहीत. उकडलेली रताळी, काकडी आणि सुकेळी. सुकेळी त्या होळी बाजारातल्या एका वाडीवाल्या बाईकडून आणतात, आणि ती मागून मिळत नाहीत. नीट चालणाऱ्यालाच, त्या ठरवतील तेव्हा, एक. बँकेत मॅनेजर असलेली माझी धाकटी जाऊ एका सुक्या केळ्यासाठी ताठ मानेने चालताना मी पाहिली आहे.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे, सगळ्यात हळू चालणारा पुढे. त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. त्या म्हणतात, हळू माणूस मागे राहिला की तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीचे विसावा घेऊन उठत असतात, म्हणजे ज्याला बसायची गरज त्यालाच बसायला मिळत नाही. पुढच्याच्या हातात त्या आपली छत्री देतात, ऊन असो नसो. आमची नात सई तीन वर्षांची असताना ती छत्री तिच्याकडे होती. ती प्रत्येक किड्याशी बोलत निघाली, आणि दोन तासांत आम्ही दहा मोठी माणसं पहिल्या वळणापर्यंत पोचलो. पण एकही मूल कधी "अजून किती" म्हणून रडलं नाही, हेही खरं.

आता माझ्या यजमानांकडे येते. दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, रोज चाला, हळूहळू वाढवा. यांनी त्यातलं 'हळूहळू' तेवढं घेतलं. दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत जायचे आणि खुर्चीत बसून मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायचे. वर्तमानपत्र वाचताना नाडी, जेवल्यावर नाडी. जिना नको म्हणून लिफ्ट बंद असली की सबंध दिवस घरात. मी रागावले, समजावलं, एकदा रडलेही. रात्री यांनी कूस बदलली तरी मी जागी होत होते, आणि मी जागी झाले की हेही जागे होऊन नाडी बघत. घरात दोघंच, आणि दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत बसल्यासारखी.

वन्सं जवळजवळ वर्षभर काही बोलल्या नाहीत. मला त्यांचा जरा रागच आला होता. मग जानेवारीतल्या एका शनिवारी त्या घरी आल्या, चहा घेतला आणि छत्री यांच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बाबू, उद्या तू पुढे." यांनी छातीपासून गुडघ्यापर्यंतची सगळी कारणं सांगितली. वन्संनी ती ऐकून घेतली आणि सकाळी सातला गाडी खाली येईल असं सांगून त्या गेल्या. हे साठीला आलेत, पण लहानपणी ज्या बहिणीने हाताला धरून शाळेत नेलं तिला नाही म्हणायची यांची अजून तयारी झालेली नाही.

शिरसाड फाट्यावरून अंबाडीच्या रस्त्याला लागलं की पुढे तानसा नदी लागते. तिच्या काठाने भाजीच्या शेतांना लागून एक पायवाट जाते, जवळजवळ सपाट. लेक, जावई, सई, मी, वन्सं आणि सर्वांत पुढे छत्री घेतलेले हे. हे वीस पावलं चालत, थांबत आणि नाडी मोजत. मागे आम्ही सगळे उभे. सई दर वेळी विचारायची, "आजोबा, मोजून झालं?" वन्संनी एकदाही घाई केली नाही, आणि त्या दिवशी "शेवटचा?" असा पुकाराही केला नाही. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

तासाभराने एक आंब्याचं झाड आलं, फांद्या पार खाली वाकलेल्या. हे तिथे टेकले. उठताना छत्रीची मूठ फांदीत अडकली, ती यांनी जोराने ओढली आणि पुढच्या क्षणी छातीवर हात मारून ओरडले. मग डावा दंड धरला. तोंडातून शब्द फुटेना. गेलं वर्षभर जे मी रोज मनात बघत होते ते तसंच्या तसं माझ्यासमोर उभं होतं. माझी पर्स उघडीच होती आणि मला जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्या कप्प्यात आहे ते आठवेना. वन्सं मात्र यांच्यापाशी पोचल्याही होत्या. गोळी त्यांच्या मुठीत होती.

खालच्या वांग्यांच्या शेतातून एक बाई हे सगळं बघत होती. ती कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "ओ बाय, गोली नको देव. मुंगले हायत ते, आंब्याचे. त्याला पान्यात बसवा."

मग मला दिसलं. पानं चिकटवून केलेलं लाल मुंगळ्यांचं घरटं फुटून यांच्या कॉलरमध्ये पडलं होतं. हे ऐकायला थांबलेच नाहीत. वर्षभर एक पायरी न चढलेला हा माणूस शर्टाची बटणं तोडत शेताच्या बांधावरून धावला, उतार उतरला आणि गळ्यापर्यंत नदीत जाऊन बसला. सईला वाटलं हा खेळ आहे, तिला धरून ठेवावं लागलं. लेक हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नव्हतं. मी काठावर बसले आणि मला इतकं हलकं वाटलं की काही वेळ उठताच येईना.

थोड्या वेळाने हे बाहेर आले, पाठभर लाल गांध्या घेऊन. मी वाट बघत होते, पण यांनी मनगटाला हात लावला नाही. म्हणाले, भूक लागली आहे, रताळी कुठे आहेत.

टॉवेल शोधायला मी वन्संच्या पिशवीत हात घातला. रताळ्यांच्या डब्याखाली यांच्या सगळ्या रिपोर्टांच्या झेरॉक्स होत्या, नीट टाचलेल्या. गोळ्यांच्या दोन पट्ट्या. एका कागदावर, त्यांच्या त्या गोल अक्षरात, जवळच्या दवाखान्याचा नंबर, ॲम्ब्युलन्सचा नंबर, आणि यांच्या डॉक्टरांनी काय काय करायला सांगितलं होतं त्याची टिपणं. म्हणजे त्या परस्पर डॉक्टरांना भेटून आल्या होत्या. एवढ्यात आमचा गाडीवाला धापा टाकत शेतातून आला. पायवाट जिथे जिथे रस्त्याजवळ येते तिथे तिथे गाडी उभी ठेवायला त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, आणि यांनी छाती धरली त्याच वेळी त्याला फोनही लावला होता. मी पिशवी होती तशी बंद केली. टॉवेल दिला.

जेवून हे काठावरच्या सावलीत सतरंजीवर आडवे झाले आणि बघता बघता झोपले. लेक आणि जावई सईला घेऊन गोटे गोळा करायला गेले. मी पाण्याकडे तोंड करून बसले होते. सहज मागे वळून पाहिलं तर वन्सं यांच्या उशाशी वाकून बसल्या होत्या आणि त्यांनी हाताची दोन बोटं यांच्या नाकाखाली धरली होती. श्वास लागतोय का बघत होत्या. तान्ह्या मुलाचा बघतात तसा. इतक्या वर्षांत वन्संना कशाची भीती वाटते असं मला कधी दिसलं नव्हतं.

माझं लक्ष गेलंय हे त्यांना कळलं. त्यांनी हात काढला नाही, फक्त त्या तोच हात हलवून वारा घालायला लागल्या.

"इथे माशा फार आहेत," त्या म्हणाल्या.

एकही माशी नव्हती. मी उठून सतरंजीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि माझ्या पदराने मीही वारा घालू लागले. हे जरा वेळाने घोरायला लागले. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तो आवाज ऐकत बसलो.