गडगडलं की प्लग काढायचा

घरात स्वतःचा डीएनएस सर्व्हर लावावा की नाही, हा प्रश्न अख्ख्या बालाघाटात मलाच पडला असेल. हौस नव्हती, भीती होती. बाबांच्या फोनवर कोणा भामट्याची लिंक आली आणि त्यांनी ती भक्तिभावाने उघडली. मी हातातून फोन ओढला म्हणून निभावलं. पण मी नोकरीपायी आठवडाभर घाटापलीकडे बैहरला. तिथून कोणाचा हात धरणार?

डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव विचारलं की पत्ता सांगणारा. तो आपलाच असला तर भामट्यांचे पत्ते सांगतच नाही. जुन्या कम्प्युटरवर मी तो बसवला आणि राउटरला बजावलं, यालाच विचारायचं. तो बंद पडला तर सगळं घर मुकं होणार, हेही ठाऊक होतं. आमच्या घरात टॉवर पकडत नाही, फोनसुद्धा वायफायवरूनच लागतो. त्यात बाबांना हृदयाचा त्रास. एक भीती घालवायला मी दुसरी घरात आणली होती.

एका दुपारी बैहरला आभाळ गडगडलं आणि बाबांचा फोन लागेना. गडगडलं की बाबा घरातले सगळे प्लग काढतात, पण राउटर थोड्या वेळाने परत लावतातच. म्हणून धीर धरला. तरी लागेना. शेजारी हट्टा गावी लग्नाला गेलेले. मिळेल त्या जीपमध्ये बसले. घाटात प्रत्येक वळणावर डोळ्यांपुढे जे येत होतं, ते मी इथे लिहिणार नाही.

बाबा पलंगावर बसले होते, चेहरा पांढराफटक, हातात फोन. राउटरचा दिवा लुकलुकत होता. त्या जुन्या कम्प्युटरची वायर मात्र नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली.

“छातीत दुखून राह्यलं होतं. गोळी ठेवली जिभेखाली. तुले कितीदा फोन लावला, लागेचना.”

“मग मशीन काहून नाही लावलं, बाबा?”

“फोनसाठी राउटर लावला ना. मशीन कायले लावू? वीज पडली असती तं जळलं असतं. एवढ्या मेहनतीनं लावलं तू.”

दवाखान्यातून आल्यावर मी राउटर पहिल्यासारखा करून टाकला. लिंकांची भीती पुन्हा घरी राहायला आली आहे. बाबा ते मशीन अजून फडक्याने झाकतात, गडगडलं की आधी त्याचाच प्लग काढतात. ते आता बंदच असतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.