उलटलेली गाडी कोणी उचलायची

घोट्यावर गाडी आदळली आणि मी खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. माइकवरून आवाज आला, "ए बाई, पाय मंग पाह्यजो! पहिले गाडी सरळ कर!"

सगळे हसले. मी लंगडत गेले, उलटी पडलेली गाडी सरळ केली, पुन्हा वळणावर उभी राहिले. खरं सांगते, तेव्हा मला राग आला नव्हता. भीती वाटत होती. पुढची गाडी येत होती.

शहापूरजवळ हायवेला लागून एक मोकळं आवार आहे. तिथे दर रविवारी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. गाडी हातभर लांब, पण वेग असा की हाडावर बसली तर माणूस आडवा. चालवणारे वर लाकडी मचाणावर, हातात रिमोट घेऊन. खाली मैदानात प्रत्येक वळणावर एक माणूस. गाडी उलटली की त्याने धावत जायचं, सरळ करायची, बाजूला व्हायचं. या खेळाची सगळीकडे एकच रीत. ज्याने आपली शर्यत खेळली, त्याने पुढच्या शर्यतीला खाली उभं राहायचं. आता मी तुझी उचलतो, मग तू माझी.

आमच्याकडे ही रीत वाकडी झाली. क्लबात दोन गट होते, स्पर्धक आणि शौकीन. स्पर्धक नागपूरला, त्याच्याही पुढे जाऊन खेळायचे. त्यांचं म्हणणं, दोन शर्यतींच्या मधे आम्हाला टायर-बॅटरी पाहावी लागते, तुम्ही मजेसाठी येता, तुम्हीच उभे राहा. त्यात थोडं तथ्यही होतं. शौकिनांनी मान डोलावली. मीही डोलावली. शौकीन म्हणजे एक डॉक्टर, सोनाराचा मुलगा, दोन दुकानदार आणि मी, एका खासगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या धुणारी. भावाने कुणाचीतरी वापरलेली निळी गाडी आणून दिली होती. मचाणावर चढून ती पळवताना मला कोणी 'ए' म्हणत नसे. तेवढ्यासाठी मी आठवडा ढकलायची.

हळूहळू बाकीचे शौकीन शर्यतीच्या वेळेला चहाला जाऊ लागले. सगळ्यात वाईट वळण, जिथे गाड्या थेट अंगावर येतात, ते माझ्या वाट्याला आलं. का आलं, तेही सांगते. क्लबचा अध्यक्ष स्वतः स्पर्धक. त्याने एकदा विचारलं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"चिखल्याच्या. बाबा खाणीत होते."

"ते झालं. त्याच्या पहिलेचं गाव?"

"एकोडी."

"एकोडीत कोणता मोहल्ला?"

मी सांगितलं. तो गोड हसला. "मंग बरोबर. तुमच्या लोकाईले उचलाची सवय असते."

हा अध्यक्ष आमच्या कॉलेजच्या संस्थाचालकांचा मुलगा. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. मी वळणावर जाऊन उभी राहिले.

मग मोठी स्पर्धा आली. बाहेरगावचे लोक आले, मंडप पडला. दुपारी शौकिनांची शर्यत होती. मी बॅटरी भरून, गाडी पुसून तयार होते. माइकवर अध्यक्ष म्हणाला, "टाइम कमी आहे. शौकिनांची रेस कॅन्सल. उचलणाऱ्यांनी आपापल्या जागेवर जायचं."

उचलणारे! म्हणजे आता मी शौकीनसुद्धा उरले नव्हते.

गेले तरी. निळी गाडी काखेत धरून गेले. अंतिम शर्यत सुटली. अध्यक्षाची लाल गाडी सगळ्यांच्या पुढे. माझ्या वळणावर आली, उधळली आणि माझ्या पुढ्यात उलटी पडली. चाकं हवेत गरगर फिरत होती.

"उचल!"

माझे हात आपोआप पुढे निघाले. मी ते मागे ओढले, निळ्या गाडीभोवती घट्ट आवळले. कपड्यांतच लघवी होते की काय, असं वाटलं.

"काहून उभी आहेस? उचल न!"

बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या.

"बहिरी झाली का व?"

मी म्हणाले, "मी आज गाडी पळवलीच नाई. ज्यानं पळवली, त्यानं उचलावं."

अध्यक्ष मचाणावरून खाली उतरला. फुफाट्यातून चालत आला. माझ्या पायाशी वाकला आणि स्वतःची गाडी स्वतः उचलली. त्याची पाठ मी पहिल्यांदा पाहिली. उठताना तो हळूच म्हणाला, "सोमवारी कॉलेजात ये. तुले पाह्यतो मी."

घरी जाऊन बाबांना सांगितलं. अंगाचा कंप थांबत नव्हता. बाबा म्हणाले, "दीक्षेच्या साली तुह्या आजोबानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. पाटलाच्या आंगणात उभं राहून नाई म्हणून आला."

"त्यांना भीती नाही वाटली?"

"वाटली ना बाई. घरी येऊन ओकला. रातभर कापून राह्यला होता. पण ढोर नाई ओढलं."

मला वाटायचं, नाही म्हणणारी माणसं वेगळ्या मातीची असतात. आजोबा माझ्याच मातीचे निघाले.

सोमवारी कामावर गेले. बोलावणं आलं नाही. मंगळवारीही नाही. दारात पाऊल वाजलं की हातातून नळ्या निसटून फुटायच्या. करार संपायला अजून अवकाश होता; तो संपला की मला काढणं सोपं, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. ती टांगती भीती अजून उतरलेली नाही.

रविवारी मी निळी गाडी घेऊन पुन्हा शहापूरला गेले. कोणी नमस्कार केला नाही. मी मचाणाच्या पायऱ्या चढले आणि रिमोट हातात घेऊन उभी राहिले.

माझी गाडी उलटेल, तेव्हा ती सरळ करायला स्पर्धकाने खाली उतरायचं. तो उतरला, तर त्याच्या शर्यतीला मी सगळ्यात वाईट वळणावर उभी राहीन, घोटा फुटला तरी. तो उतरला नाही, तर त्याची गाडी माझ्यापुढे चाकं वर करून पडून राहील. नोकरी गेली तर जाईल. मी भीत भीत उभी राहीन. वाकणार नाही.