दाजींची कोरी उत्तरपत्रिका

वडवणीच्या पंचक्रोशीत पाण्याच्या मोटारीचं अंतरंग जाणणारा एकच पुरुष होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. होऊन गेला म्हणालो तरी दाजी हयात आहेत. आज सकाळी भेटलो तेव्हा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. शिक्षण सातवी. गुरू कोणी नाही. घरची मोटार जळाली तेव्हा तिची तार उलगडत त्यांनी वेढे मोजले आणि तेवढेच नव्या तारेचे घातले, हाच त्यांचा अभ्यासक्रम. पुढं चालत्या मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून, डोळे मिटून सांगायचे, "बेरिंग गेलं हाय." वेढे मोजताना मात्र कडक मौन. एकदा व्याही लग्नाचं आमंत्रण घेऊन आले, तासभर दारात उभे राहिले आणि रुसून परत गेले. मोजणी संपल्यावर दाजींनी मान वर करून विचारलं, "कुणी आलतं का?"

गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार त्यांनी अकरा वर्षं रोजंदारीवर सांभाळली. मग ती जागा कायमची झाली आणि तिला प्रमाणपत्र लागू लागलं. अनुभवी लोकांसाठी एक दिवसाची परीक्षा असते, हे मीच शोधून काढलं. अर्जही मीच भरला.

"मास्तर, अकरा वर्सं गाव पाणी पितंय. आता परीक्षा कावून?"

"कागद लागतो, दाजी."

केंद्रावर एक बंद मोटार ठेवली होती. तिच्यातला बिघाड ओळखून उत्तरपत्रिकेत लिहायचा होता. दोन तासांनी दाजी हात पुसत बाहेर आले.

"काय लिहिलंत?"

"लिवायचं काय त्यात? खिशात पक्कड होतीच. दुरुस्त केली, चालू करून दावली सायबाला."

"साहेब काय म्हणाले?"

"कोरा कागद तेवढा मागून घेतला."

ती मोटार केंद्रानं कित्येक वर्षं बिघाडासकट जपली होती. निकालावर शेरे दोन: लेखी उत्तर नाही, परीक्षेच्या साहित्यात फेरफार. जागेवर प्रमाणपत्रवाला आला. सुरुवातीला तो अडला की दाजींना विचारायला यायचा, आणि दाजी सांगायचेही. नंतर येईनासा झाला. दाजींनीही पक्कड खुंटीला लावली.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. प्रश्न नीट वाचा आणि विचारलंय तेवढंच लिहा, हे मी वर्गात तीस वर्षं सांगत आलो. घरात सांगायचं राहिलं.

दाजींनी दुरुस्त केलेली मोटार हल्ली त्या केंद्राच्या टाकीत पाणी चढवते. परीक्षेसाठी केंद्रानं दुसरी बिघडलेली मागवली आहे.