ओनेझिमचा उकिरडा

आमच्या लॉरेन प्रांतातल्या गावात माणसाची ऐपत दारातल्या उकिरड्यावरून ठरते. गोठ्यात गुरं जास्त, तर ढीग उंच. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा आधी ढीग बघतो, मग मुलगी.

ओनेझिम उयोंच्या गोठ्यात मोजून तीन गायी. उकिरडा मात्र पंधरा गुरांचा! कडा अशा सरळ की दोरी लावून कापल्यात. रोज सकाळी स्वारी फावड्यानं त्या थोपटत बसायची. बायको जिवंत होती तेव्हा तिच्या वाट्याला एवढे लाड कधी आले नाहीत.

आत काय होतं? द्राक्षमळ्यातल्या छाटणीच्या मोळ्या, मोडकी पिंपं, आणि वरून वीतभर शेण. एवढी लबाडी सहा वर्षं पचली, तेवढ्या काळात ओनेझिम चर्चमध्ये मातब्बरांच्या पुढच्या बाकावर बसायलाही शिकला.

यंदा जानेवारीत पलीकडच्या गावच्या ग्रोजाँनं निरोप धाडला: रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपली की मुलासाठी झेलीला बघायला येतो. झेली म्हणजे ओनेझिमची एकुलती एक, सव्वीस उलटलेली. हे स्थळ हुकलं तर दुसरं येणार नव्हतं, आणि हे बापालाही कळत होतं.

नेमकं रविवारी पहाटे बर्फ पडलं. मिस्सा सुटली तोवर गावातल्या प्रत्येक उकिरड्यावरचं बर्फ वितळून वाफा निघत होत्या. खरं शेण आतून तापतंच. ओनेझिमच्या ढिगावर मात्र बर्फ जसंच्या तसं, पांढरंशुभ्र!

समोरच्या घरातल्या पेराँबाई ओरडल्या, "काय हो ओनेझिम, उकिरड्याला थंडी वाजतेय वाटतं? घोंगडं देऊ?"

"त्यानं आधी तुमचं तोंड झाका!" म्हणत तो लग्नातला काळा कोट घालून, उकळत्या पाण्याची किटली घेऊन ढिगावर चढला. तिसऱ्या किटलीला पायाखालच्या काटक्या कडाकड मोडल्या आणि स्वारी कमरेपर्यंत आत. तेवढ्यात ग्रोजाँची गाडी दारात.

ग्रोजाँनं लगाम खेचला. "बसा, बसा. आमच्यासाठी उठू नका."

झेली धावत आली. बापाच्या काखेत हात घालून तिनं त्याला एका हिसक्यात उपसून बाहेर काढलं. ग्रोजाँ तिचे दंड बघत राहिला.

"मुलगी पसंत," गोठ्यात डोकावून तो म्हणाला. "पण तिच्याबरोबर तुमच्या तिन्ही गायी."

"तिन्ही? मग मला काय उरणार?"

"काटक्या."

खिडक्याखिडक्यांतून गाव खिदळत होतं. ओनेझिमनं लेकीकडे केविलवाणं पाहिलं.

"बाबा," झेली हळूच म्हणाली, "नाही म्हणालात तर परत आत टाकीन."

ईस्टरनंतर लग्न लागलं. गायी गेल्या, ढीग उपसला गेला, काटक्या चुलीत गेल्या. हल्ली ओनेझिम आपल्या लख्ख अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाक मुरडून सांगतो, "दारात शेण साठवायचं म्हणजे निव्वळ गावंढळपणा. शहरात साठवतं का कुणी?"