आबांची खानदानी कावीळ

आमच्या मानसिंगआबांना कावीळसुद्धा साधी झाली नाही. गाव अंथुर्ण्याच्या अलीकडचं, आबा तिथले उपसरपंच, आणि पाणीपुरवठ्याचा कारभार त्यांच्याच हातात. चैत्रात त्यांच्या चहाला औषधाचा वास येऊ लागला. टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणाऱ्या म्हस्कूला त्यांनी बोलावून घेतलं.

"बंद कर ती पावडर. आमच्या आज्यानं नदीचं पाणी पिऊन नव्वदी गाठली."

"सायबांनी इचारलं तर, आबा?"

"टाकली म्हणून वहीत लिही."

आम्ही पंचायतीचे चार सदस्य तिथंच बसलो होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण चहा आबांचाच होता.

दोन महिन्यांत आबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. बारामतीचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठलंय असं दिसतंय, ऑटोइम्यून असावं. स्टेरॉइडच्या गोळ्या देतो, पण पुण्याला दाखवून घ्या. त्यातलं 'असावं' आणि पुणं आबांनी बारामतीतच सोडलं. फाइल घेऊन पारावर बसले.

"लाखात एकाला हुतो ह्यो आजार. पाण्याबिण्याचा न्हाय."

त्याच आठवड्यात खालच्या वस्तीवर चौघांना कावीळ झाली. त्यातली एक म्हस्कूची बायको, नकोशी. आबांनी निकाल देऊन टाकला, "त्यांची साधी हाय. हात धुवायला नकोत." माणसाला आजाराचाही तोरा असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घरात सून माधवीला सातवा महिना होता. ती पाणी उकळून प्यायची. आबा टोमणा मारायचे, "गॅस म्हायेरानं धाडलाय का?" त्यांच्या तांब्यात मात्र टाकीचंच पाणी. उकळलेल्याला चव नसते म्हणे.

तीन आठवड्यांत गोळ्यांनी तोंड सुजलं, डोळे पिवळेच राहिले. मग मी त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी केली आणि म्हणाल्या, "हिपॅटायटिस ई. घाण पाण्यातून येणारा विषाणू. कधी कधी रक्तात अगदी ऑटोइम्यूनसारखा दिसतो. गोळ्या हळूहळू बंद करू, तुम्ही बरे व्हाल. घरात कुणी गरोदर आहे का? तिच्या मात्र जिवावर बेतू शकतं."

आबांनी घाईघाईनं खिसे चाचपले. फोन मीच लावून दिला.

"माधवी, टाकीचं पाणी पिऊ नगं."

"न्हाय पीत, आबा. म्हस्कूतात्यांनी पावडर बंद केली त्याच दिवशी मागच्या दारानं येऊन सांगितलं, उकळून पी म्हणून."

"मग त्याच्या घरात कशी झाली कावीळ?"

"त्यांचा सिलिंडर संपला हुता."

आबांनी फोन ठेवला. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, नकोशी आता कशी आहे. मला माहीत नव्हतं. एका गावात राहून दोघांपैकी एकानंही चौकशी केली नव्हती.