बेचाळीस नंबरचा गाळा

१६ ऑक्टोबर २००८, गुरुवार. बावन्न हजार पाचशे दिरहॅम, रोख. दुबईत, देरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, प्रदर्शनाच्या शेवटच्या टेबलापाशी बसून गुणवंत पाटकरांनी ही रक्कम दोनदा मोजली, पावती लिहिली आणि समोरच्या अन्वरीबाईंच्या हातात दिली. त्या दिवशी दिरहॅमचा भाव तेरा रुपये वीस पैसे होता.

"म्हणजे सहा लाख त्र्याण्णव हजार," अन्वरीबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग पावतीची घडी घालून त्यांनी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि कप्प्याची चेन ओढून पाहिली.

पाटकर तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. मुंबईचे बी.कॉम.; मेरुपथ इंडिया नावाच्या कंपनीत साडेनऊ वर्षं हिशेब सांभाळत होते. कंपनीचा धंदा सांगायला सोपा होता. आखातात राबणाऱ्या लोकांना भारतात पैसे गुंतवायची संधी विकायची. त्या वर्षीची संधी म्हणजे रायगड जिल्ह्यात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत उभं राहणार असलेलं गोदामांचं संकुल. भारत वाढतोय, वाढत्या देशाला माल लागणार, माल बंदरात उतरणार आणि उतरलेल्या मालाला डोक्यावर छप्पर लागणार. ते छप्पर तुमचं असू द्या. एका गाळ्याचे साडेबावन्न हजार दिरहॅम, आणि एप्रिलपासून दरमहा सव्वापाचशे दिरहॅम भाडं, हमखास. महिन्यापूर्वीच अमेरिकेत मोठी बँक बुडाली होती, पण मुंबईहून आलेले मालक वासुदेवशेठ माइकवर म्हणाले, "अमेरिका बसली तर पैसा जाणार कुठे? इंडियातच येणार ना?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अन्वरीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नकाशापाशी उभ्या होत्या. नाइफ भागातल्या एका दुकानात त्या अबायांवर, म्हणजे अरबी बायकांच्या काळ्या झग्यांवर, खडी-मण्यांचं काम करायच्या. नवरा याकूब धक्क्यावर गलबतांत चढणारी पोती मोजायचा, आता त्याचे गुडघे गेले होते. माहेर पेणच्या खाली, खाडीकाठी. मुलगी सबा बारावीला, तिला मुंबईला फार्मसीला घालायचं होतं. पैसे होते ते अकरा वर्षांच्या भिशीचे. महिन्याला सव्वापाचशे म्हणजे सात हजार रुपये. हॉस्टेल आणि खाणं त्यात निघत होतं.

"हा तर खारेपाट," त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे उधाणाला पाणी भरतं. माझा बाप बांध घालून घालून मेला."

"मॅडम, फिलिंग होगी," सेल्सवाला म्हणाला. "पूरे छह फूट."

"समिंदराला सांगितलंय का, सहा फूट म्हणून?"

सेल्सवाला हसला. अन्वरीबाई हसल्या नाहीत. त्या सरळ पाटकरांच्या टेबलाशी आल्या, कारण हॉलमध्ये टाय न लावलेला आणि मराठी पेपर वाचणारा तो एकच माणूस होता.

"भाऊ, तुम्ही अकाउंटवाले ना? एकच विचारते. तुमचा स्वतःचा गाळा आहे यात?"

समोर यादी पडलेली होती. यादीत पाटकरांचं नाव होतं.

"आहे," पाटकर म्हणाले. "बेचाळीस नंबर."

"मग लिहा माझं नाव."

नाव खरं होतं, पण गाळा पाटकरांनी घेतलेला नव्हता. रिकाम्या पंगतीत पहिला कुणी बसत नाही, असं शेठ म्हणायचे. म्हणून प्रत्येक प्रदर्शनाआधी स्टाफमधल्या बारा जणांच्या नावावर गाळे दाखवत, पैसे जमा दाखवत, नकाशावर बारा लाल ठिपके लावत. प्रदर्शन संपलं की नोंदी उलटवायच्या. सगळ्याच कंपन्या हे करतात, असं पाटकरांनी फार पूर्वीच मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी सकाळपासून ते टेबलाशी बसून होते, मागे रांग होती, आणि एवढ्या गर्दीत कुणीतरी आपल्याला विश्वासानं विचारलं याचं थोडं बरंही वाटलं होतं. एका शब्दाचं काम होतं. ते झालं.

या खेपेला नोंदी उलटवायला शेठनं सांगितलं नाही. "राहू द्या, पाटकर," ते फोनवर म्हणाले. "बघू."

नोव्हेंबरात फोन वाजायचे कमी झाले. डिसेंबरात पगार वीस दिवस उशिरा झाला. जानेवारीत तेवीस माणसांचा स्टाफ चौदावर आला. पार्किंगमध्ये धुळीनं माखलेल्या गाड्या दिसू लागल्या; मालक चावी आत ठेवून, कर्ज टाकून विमानानं पळालेले. रायगडात सहा फूट तर सोडाच, एक टोपली माती पडली नव्हती. लोक पैसे परत मागायला येऊ लागले. पाटकरांनी त्यासाठी वही केली. अर्ज येईल तसा नंबर, तारीख, रक्कम, सही. खरा पैसा भरलेल्यांत पहिला नंबर होता अल कुसैस भागात सुतारकाम करणाऱ्या कमरुद्दीनचा. रत्नागिरीचा माणूस, दर गुरुवारी न चुकता फोन करायचा. अन्वरीबाईंचा नंबर सदतीस.

"आमचे मिळतील ना, भाऊ?"

"नंबर येईल तसे."

"तुमचेही अडकलेत ना? बेचाळीसचे?"

पाटकर म्हणाले, "हो." हा दुसरा शब्द पहिल्यापेक्षा जड गेला.

फेब्रुवारीत शेठ आले. बँकेत सात लाख चाळीस हजार उरले होते. शेठनं वही मागवली, पहिल्या पानाच्या आधी एक कोरं पान चिकटवलं आणि त्यावर बारा नावं लिहायला लावली. स्टाफची. तारखा ऑक्टोबरच्या.

"यांचे रिफंड आधी," शेठ म्हणाले. "चेक मी सही करून ठेवतो. ज्याच्या त्याच्या नावावर. वठला की कॅश काढायची आणि रफिककडे द्यायची. रफिक ती मुंबईला पोचवेल. कॅश दिली की त्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळेल आणि व्हिसा कॅन्सल होऊन तो मोकळा. खलास."

"शेठ, बारा साडेबावन्न म्हणजे सहा लाख तीस हजार. मागच्या लोकांना फारसं काही उरत नाही."

"पाटकर, तुम्ही हिशेबात पक्के. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

अकरा जणांनी निमूट कॅश आणून दिली. त्यांचा तरी दोष काय? ग्रॅच्युइटीचा दोर शेठच्या हातात होता. अकरा चेकवर तारीख टाकली ती पाटकरांनीच. प्रत्येक वेळी रफिक, म्हणजे ऑफिसचा ड्रायव्हर, व्हिसा-कारकून आणि शेठचा डावा हात, पाकीट मोजून खिशात घालायचा आणि म्हणायचा, "यल्ला, चलो, नेक्स्ट."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बारावा चेक उरला. गुणवंत पाटकर, गाळा नंबर बेचाळीस.

त्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, अल कुसैसच्या घरात पाटकरांनी बायकोला सगळं सांगितलं. शोभनाबाई वाटाणे सोलत होत्या. सांगून संपेपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

"आपली ग्रॅच्युइटी किती?"

"अडतीस हजार अडीचशे. तेरा नव्वदनं पाच लाख एकतीस हजार."

"आणि तुम्ही कॅश रफिकला नाही दिलीत, तर ती जाणार."

"जाणार."

"म्हणजे त्या बाईला तिचे द्यायचे म्हणून आपले घालवायचे."

"आपण तिला फसवलं, शोभना."

"आपण? मी कुठे होते टेबलावर?" त्यांनी सालं वर्तमानपत्रात गुंडाळली. "अहो, सदतिसावी आहे ना ती? आणि छत्तीस जण? त्यांचं काय करणार? की जिनं विचारलं तीच तेवढी माणूस?"

आयुष्यभर पाटकरांनी ओळीनं काम केलं होतं. आधीचं आधी, नंतरचं नंतर. आता ओळच खोटी झाली होती, आणि खोट्या ओळीत उभं राहून खरा न्याय कसा करायचा हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बाकीच्यांना मी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं."

शोभनाबाईंनी वाटाण्यांचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "मला पाप-पुण्याचं सांगू नका. इथून पुढे भाडं कसं द्यायचं ते सांगा."

मुसफ्फामध्ये, अबुधाबीच्या औद्योगिक भागात, एका गॅरेजचे हिशेब बघायची नोकरी पाटकरांना मिळण्यासारखी होती, पगार निम्मा. पण त्यासाठी शेठचं ना-हरकत पत्र लागणार होतं.

रविवारी त्यांनी चेक भरला. बुधवारी वठला. पण बँकेचे दिवस वाईट होते आणि पाटकरांच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी त्याच बँकेत होती. पैसे जमा होताच बँकेनं तीन हजार तीनशे सत्तर कापून घेतले. काउंटरवर विचारलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टम ऑटोमॅटिक है." हातात आले एकोणपन्नास हजार एकशे तीस. घरी जाऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा शोभनाबाई उठल्या, तांदळाच्या डब्यामागून पाकीट काढलं आणि त्यातले अडीच हजार टेबलावर ठेवले.

नाइफमधलं दुकान अरुंद होतं. अन्वरीबाई स्टुलावर बसून बाहीवर मणी टाचत होत्या. पाटकरांनी पाकीट पुढे केलं.

"माझा नंबर आला?"

"नाही आला."

"मग हे कसले?"

पाटकरांनी सांगितलं. गाळा नव्हता, पैसे भरले नव्हते, नाव दिखाव्याचं होतं. पाठ करून आल्यासारखं, न थांबता सांगितलं. अन्वरीबाईंची सुई कापडात तशीच राहिली.

"आणि मी रोज नमाजात तुमच्या बेचाळीस नंबरासाठीही मागत होते," त्या म्हणाल्या. "बिचारे भाऊ, आपल्यासारखेच अडकले म्हणून."

पाटकरांनी पाकीट आणखी पुढे सरकवलं.

"मला खारेपाट ठाऊक होता, भाऊ. घोट्याएवढं पाणी मी स्वतः तुडवलंय. तुमचं ऐकलं आणि माझ्याच डोळ्यांना खोटं पाडलं. पैशाचं सोडा. हे कुठून परत आणाल?"

"ते नाही आणता येणार."

"नाहीच येणार." त्यांनी पाकीट घेतलं आणि बोटाला थुंकी लावून मोजायला बसल्या. गिऱ्हाईक आलं, तर त्याला हातानंच थांबवलं. एक्कावन्न हजार सहाशे तीस. "आठशे सत्तर कमी आहेत."

"बँकेनं कापले. ते मी देईन."

"द्या." त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चहा सांगू?"

"नको."

"सांगते. उन्हातनं आलात."

ऑफिसात रफिक वाट बघत होता. पाटकरांनी त्याला हात रिकामे दाखवले. रफिक हसायला लागला. "पाटकर साब, आप भी? दस साल में पहली बार लेट एन्ट्री!"

शेठचा फोन लगेच आला. "पाटकर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडूनही नव्हती, शेठ."

दोघांचेही हात दगडाखाली होते. कागदावर बेचाळीस नंबर पाटकरांचाच होता, तेव्हा शेठ पोलिसांत जाऊ शकत नव्हते. पाटकर कामगार कचेरीत जाऊ शकत होते. पण गेले असते, तर ना-हरकत पत्र गेलं असतं आणि मुसफ्फाची नोकरीही. शेवटी सौदा झाला. अडतीस हजार अडीचशे मिळाल्याची सही पाटकरांनी एक दिरहॅमही न घेता केली, आणि रफिकनं पत्र त्यांच्या हातात ठेवलं.

मार्च संपता संपता कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. वही पाटकरांनी घरी आणली, कारण ती फेकवेना. पुढच्या गुरुवारी कमरुद्दीनचा फोन आला.

"अन्वरीबाईंना मिळाले म्हणे."

"मिळाले."

"माझा नंबर तिच्या आधी होता ना?"

"होता."

"मग?"

पाटकर फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडे रंध्याच्या यंत्राचा आवाज येत होता. कमरुद्दीननं पुन्हा विचारलं नाही. "बरं, इन्शाल्ला," म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि त्यानंतरचा गुरुवार फोनाविना गेला. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पाटकर शोभनाबाईंना एकदा म्हणाले. शोभनाबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

आता २०११ चाललंय. पाटकर अबुधाबीबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात, सकाळी सहाच्या बसनं मुसफ्फाला जातात आणि गॅरेजच्या टायर-बॅटऱ्यांचे हिशेब लिहितात. साठीला निवृत्त व्हायचं ठरलं होतं. आता त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. गॅरेजचा मालक अधूनमधून विचारतो, "पाटकरजी, इंडिया में क्या लेना चाहिए अभी? सब बोलते हैं बूम है." पाटकर म्हणतात, "मला माहीत नाही."

अन्वरीबाई याकूबला घेऊन गेल्या वर्षी पेणला परत गेल्या. सबा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ईदला फोन येतो. त्या तब्येत विचारतात, शोभनाबाईंशी बोलतात, उधाणाला बांध फुटल्याचं सांगतात. पैशांचं बोलत नाहीत. पाटकर दर महिन्याला पाठवायचे म्हणतात, आणि दर महिन्याला भाडं, बस, शोभनाबाईंच्या बीपीच्या गोळ्या, काहीतरी आधी येतं.

अन्वरीबाईंचे आठशे सत्तर दिरहॅम अजून द्यायचे आहेत.